पाऱ्याचे डाग

कॅलेंडरच्या पाठीवर बाबांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
जन्म गोठिवली. नक्षत्र उत्तरा भाद्रपदा.
साल खोडलंय, पुन्हा लिहिलंय, पुन्हा खोडलंय.

त्या नक्षत्राच्या दोन ताऱ्यांतला उत्तरेकडचा,
चौरंगाच्या कोपऱ्यावर ठेवल्यासारखा,
ऑक्टोबरात आमच्या घणसोलीच्या गच्चीवरून दिसतो.
गच्चीवरचा हॅलोजन बंद करायला
वॉचमन कदमांना चहा पाजावा लागतो, एवढंच.

त्या ताऱ्याच्या अंगावर पारा आहे.
पारा आणि मँगनीज,
सूर्यावर आहे त्याच्या हजारो पट,
आणि तोही सगळीकडे सारखा नाही,
कुठे दाट, कुठे विरळ,
कोड फुटावं तसा.

दिवसा मी महापेच्या लॅबमध्ये नमुने जाळते.
ज्योतीत कॅल्शियम विटकरी, तांबं हिरवं,
पाच वाजता रिपोर्टवर सही.
रात्री कुणा परक्या दुर्बिणीनं साठवलेले वर्णपट
फुकट उतरवून घेते.
तीन हजार नऊशे चौऱ्याऐंशी अँगस्ट्रॉमपाशी
एक बारीक खाच:
आज किंचित खोल, उद्या उथळ,
परवा पुन्हा खोल होऊ लागलेली.
दोन दिवस नऊ तास.
एवढ्यात तो एक फेरा पुरा करतो.
डाग समोर येतो, मावळतो, येतो.

बाबा सव्वीस वर्षं कॉस्टिकच्या प्लांटवर होते.
सेल-हाऊस. पाऱ्याचे लांबच लांब हौद.
फरशीला भेग पडली की तिच्यात
थेंब जाऊन बसत, झाडूला दाद देत नसत.
एकदा डब्याच्या झाकणातून एक थेंब घरी आणला.
"बोट लाव. पलतं बघ."
मी बोट लावलं.
पळाला, दोन झाला, पुन्हा एक झाला.
आई ओरडली ती झाकण चेपलं म्हणून.

तेव्हा पारा चढायचा तो त्यांचा.
आता उतरलाय;
डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडात, थोडा मेंदूत.
कंपनीच्या कागदावर आहे: वयोमानानुसार कंप.
बशी वाजते आणि आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो.

त्यांना सांगितलं,
या जातीचे तारे बहुतेक हळू फिरतात.
अंगात खळबळ नाही, म्हणून द्रव्यं वेगळी होतात.
हे त्यांना शिकवावं लागलं नाही.
"ढवलना बंद जाला का जड तां तलाला."
मग थांबून: "पन तुजा पारा त वर हाय. वर कोन उचलतं?"
उजेड, म्हटलं. आतून बाहेर निघालेला उजेड
काही अणूंना ढकलत ढकलत वर आणतो.
बराच वेळ बशी वाजत राहिली.
"आमचे सेल-हाऊसला ट्यूबच यक व्हती," ते म्हणाले,
"ती बी गेलेली."

वेग मोजताना एक अडचण राहतेच.
ताऱ्याची आस कुठे, किती कललीय
ते कळलं नाही तर हाती येतो
तो फक्त आपल्या बाजूचा वेग.
उरलेला त्याच्याकडेच.
वहीत मी तशी नोंद करते, आकड्यापुढे "किमान" लिहिते.

रविवारी विचारलेलं ते आज पुन्हा विचारतात:
"तुजा तारा कंचा?"
कदमांनी हॅलोजन बंद केलाय.
ठाणे-बेलापूर रोडवर कुठल्यातरी चिमणीची ज्योत
ढगाला खालून तांबडं करतेय.
मी चौरंग दाखवते, कोपरा दाखवते.
ते हात उचलतात.
बोट थरथरत अख्ख्या चौरंगाभोवती फिरतं,
खाली घसरतं, टाकीच्या पाइपवर जातं, परत येतं,
आणि मध्येच एकदा,
मी पाहिलंय,
नेमकं त्याच्यावर असतं.